बाबांनी लिहिलेली एक ओळ

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला जागा नव्हती. घर तसं लहान नव्हतं. कुंभिवलीला हमरस्त्यापासून थोडं आत, पुढं ओटी, मग मधलं घर, त्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी पडवी, असं सरळ मागं जाणारं घर. पण प्रत्येक कोपऱ्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क होता. ओटीवर भाताची पोती, मधल्या घरात बाबांचा पलंग, कारण त्यांना कधी दिवसा झोपावं लागायचं तर कधी रात्री, आणि खिडकीखालच्या उजेडात आईचं शिवणयंत्र. कॉम्प्युटर टेंपोतून उतरवला त्या दिवशी आई बराच वेळ त्याच्याकडं आणि शिवणयंत्राकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि मग तिनं यंत्र पडवीत नेऊन ठेवलं. बाबांच्या कारखान्यात ऑफिसातले जुने कॉम्प्युटर बदलले होते आणि ज्या कामगारांना हवे होते त्यांना ते मिळाले. बाबांनी माझ्यासाठी घेतला, असं ते सगळ्यांना सांगत. मी खोपोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स करत होते, त्यामुळे ते खरंही होतं. पण पहिल्या दिवशी तो सुरू झाल्यावर त्याच्यासमोरून शेवटी कोण उठलं हे मला चांगलं आठवतं, आणि ती मी नव्हते.

बाबा मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात पाळीनं कामाला जायचे. आमचं घर घड्याळावर नाही, त्यांच्या पाळीवर चालायचं. पहिली पाळी असली की पहाटे अंधारात स्टोव्ह फुरफुरायचा, आई भाकऱ्या थापायची, तांदळाच्या पिठाचा गरम वास मधल्या घरापर्यंत यायचा आणि रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न दोनदा वाजायचा. रात्रपाळी असली की दिवसभर आम्ही कुजबुजत बोलायचो, रेडिओ बंद, भांडी हळू घासायची. हमरस्त्यावरचे ट्रक मात्र कुणाच्याच झोपेची पर्वा न करता गियर बदलत जायचे. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की कधी रस्ता अडला आणि शांत झालं तर बाबा झोपेतून उठून विचारायचे, काय झालं गं? आजही मी पुण्यात फार शांत खोलीत झोपले तर मला नीट झोप लागत नाही.

पाळ्यांचा हिशेब ठेवणं हे आईचं काम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीनं खुणा करायची. पण मध्येच कुणी रजेवर गेलं की बाबांची पाळी बदलायची, खुणा खोडल्या जायच्या, आणि एखाद्या दिवशी पहाटे उठून डबा भरून तयार ठेवल्यावर कळायचं की आज दुपारची पाळी आहे. आई अशा वेळी रागवायची नाही. ती डबा उघडून त्यातलीच भाकरी खात ओटीवर बसायची आणि बाबांकडं बघायचीही नाही. त्यापेक्षा ती रागवलेली बाबांना परवडली असती.

त्या मशीनवर आमच्या कॉलेजातल्या सरांनी दिलेल्या सीडीवरून मी लिनक्स टाकलं होतं. फुकट मिळतं आणि त्याला व्हायरस लागत नाही, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. मला त्यातल्या चित्रांच्या खिडक्या आवडायच्या. बाबांना आवडायची ती काळी खिडकी, जिच्यात काहीच नसतं, फक्त एक रेघ लुकलुकत असते आणि आपण हुकूम टाईप करायचा. कारखान्यात ते पॅनेलवर काम करत, सगळा दिवस काटे आणि दिवे बघण्यात जाई, त्यामुळं असेल. ते मला म्हणाले होते, "हितं आपण सांगायचं आन् त्यानं करायचं. मधी कोण नाय." मी अभ्यासाला बसले की ते मागं खुर्ची ओढून बसायचे. मध्येच विचारायचे, हे डॉलरचं चिन्ह कशाला गं? हे तिरकं कशाला? कधी मला उत्तर यायचं, कधी यायचं नाही, आणि यायचं नाही तेव्हा ते दुसऱ्या दिवशी बसमधून उतरतानाच विचारायचे, मिळालं का? दहावीपर्यंत शिकलेला, पन्नाशीला आलेला माणूस एका बोटानं टाईप करत होता. डाव्या हाताचं बोट कधीच वापरत नसत. तो हात मांडीवर पालथा ठेवलेला असायचा, जेवताना ठेवतात तसा.

असं करत करत त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. चालवला की आज कुठली पाळी ते तो सांगायचा, आणि पुढच्या आठवड्याचंही सांगायचा. पाळी बदलली तर एका ठिकाणी तेवढी दुरुस्ती करायची. मी मदत केली, पण निम्म्याहून जास्त त्यांनी स्वतः केलं. आईला बोलावून त्यांनी तो चालवून दाखवला. आईनं पदराला हात पुसत स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, कॅलेंडरवर तर हेच लिवलंय. पण त्यानंतर रोज संध्याकाळी ती कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारायची, त्याला विचार गं उद्याचं काय.

त्याच मशीनमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण वैशाली. तिचं लग्न आमच्याच दारात झालं. फोटो काढले होते बाबांच्या कारखान्यातल्या एका मित्रानं, त्यानं नवीन कॅमेरा घेतला होता आणि हौसेनं दिवसभर उभा राहून त्यानं फोटो काढले. दुसऱ्या दिवशी येऊन ते आमच्या कॉम्प्युटरमध्ये भरले, कॅमेऱ्यातलं कार्ड मोकळं केलं आणि पुढच्या महिन्यात तो नोकरीला आखातात गेला. छापून घेऊ, अल्बम करू, असं आम्ही म्हणत राहिलो. दरम्यान ताईचे सासरे गेले. काही आजार नाही, सकाळी शेतावर जायला निघाले आणि अंगणातच बसले. त्यांच्या घरी भिंतीवर लावायला त्यांचा फोटो नव्हता. कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्यात ते पोलिसानं पकडून आणल्यासारखे दिसत. ताईच्या सासूबाईंनी तिला एकदोनदा विचारलं होतं, तुझ्या लग्नात त्यांनी फेटा बांधला व्हता, तो फोटो असंल ना तुमच्याकडं?

ताईला सातवा महिना लागला तेव्हा सासूबाई स्वतः तिला माहेरी सोडायला येणार असं ठरलं. रविवारी दुपारी येणार, रात्री राहणार, फोटो बघणार आणि सोमवारी सकाळी परत. आईनं आठवडाभर आधीपासून घर झाडायला-पुसायला काढलं. थंडीचे दिवस होते, वालाच्या शेंगा भरल्या होत्या, त्यामुळे रविवारी संध्याकाळी शेतावर पोपटी लावायची, म्हणजे शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायची, तयारीही होती. वाडीवरची जनी मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला आणून देणार होती. दुपारच्या जेवणाला वालाचं बिरडं, आणि विहीणबाईंना आवडतात म्हणून घावन. मी फोटोंतले चांगले चांगले निवडून एका ठिकाणी ठेवणार होते आणि शनिवारी कर्जतला जाऊन मोजके छापून आणणार होते.

शनिवारी सकाळी बाबा रात्रपाळीवरून आले, चहा प्याले आणि झोपायच्या ऐवजी कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांना एक गोष्ट बरेच दिवस खटकत होती. पाळीचा प्रोग्राम चालवायला तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो सगळा पत्ता टाईप करावा लागायचा. माझ्या कॉलेजच्या कागदांत त्यांना सापडलं होतं की सुरू होताना मशीन एक फाईल वाचतं, तिच्यात एक ओळ लिहिली की पत्ता न देता नुसतं नाव टाईप केलं तरी चालतं. मी पडवीत आईबरोबर वाल सोलत होते. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि चिमटीत धरून दाबायचे, की दाणा सालीतून सुळकन निसटतो. त्या कामात हात चालू असले तरी डोकं मोकळं असतं, त्यामुळे मला मधल्या घरातले सगळे आवाज कळत होते. आधी टकटक. मग मशीन बंद होऊन सुरू होतानाचा छोटा सूर. मग परत तोच सूर. मग परत. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज, आणि बाबा पडवीच्या दारात येऊन उभे राहिले.

"रेश्मा," ते म्हणाले, "ते मला आत घेत नाय."

मी ओल्या हातानंच गेले. नाव आणि पासवर्ड मागणारा पडदा समोर होता. मी पासवर्ड टाकला. मशीननं तो मान्य केला, कारण चुकला असता तर तसं सांगितलं असतं. पडदा काळा झाला, क्षणभर काहीतरी लुकलुकलं, आणि परत तोच नाव विचारणारा पडदा. दार उघडतं, आपण पाऊल टाकतो आणि परत ओटीवरच उभे, असं. मी बरेचदा केलं. बंद करून सुरू केलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं फक्त एवढंच विचारलं की फोटो आत आहेत ना. मी हो म्हणाले, आणि मग त्या 'हो'चा अर्थ माझ्याच लक्षात आला.

बाबांनी कर्जतला नितीनला फोन लावला. नितीन माझा चुलतभाऊ, तिथं बाजारपेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, सिस्टीम बिघडली असणार, फॉरमॅट करून परत टाकावी लागेल, मी दुपारी सीडी घेऊन येतो. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं हे बाबांना माहीत होतं. फोन ठेवून ते पलंगावर बसले आणि त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघितलं. आईनं जेवायला वाढलं तेव्हा ते नको म्हणाले. बाबा जेवणाला नको म्हणाल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. आई त्यांना काही बोलली नाही, माझ्याशी बोलली, पण त्यांना ऐकू जाईल असं.

"फोटो गेले तर त्या बाईसमोर मी कशी उभी राहू? नवरा गेला तिचा. आन् आपल्याकडं एक फोटो मागितला तिनं."

नितीन आला. तो मनाचा चांगला होता, दुकान बंद करून मोटारसायकलवर एवढ्या लांब आला होता. त्यानंही पासवर्ड टाकून बघितला. मग त्यानं मला बाजूला घेऊन नीट समजावलं. तो दिवसभर ज्या सिस्टीमवर काम करतो ती ही नाही. डिस्क काढून दुकानात जोडली तरी त्याची मशीनं ही डिस्क वाचणार नाहीत. म्हणून त्याला येतं ते एकच, पुसून नवीन टाकणं, म्हणजे निदान कॉम्प्युटर तरी चालू होईल. फोटोंचं वाईट वाटतं, पण विहीणबाई येतील तेव्हा बंद मशीन दाखवण्यापेक्षा ते बरं. त्यानं सीडी काढून टेबलावर ठेवली. बाबा म्हणाले, तुला येतं ते कर बाबा, मी काय सांगणार, माझ्यामुळं झालंय.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि त्या घरात मोठ्यांच्या बोलण्यात मी कधी आडवी आले नव्हते. येऊ नये असं कुणी शिकवलं नव्हतं, पण तशी वेळही आली नव्हती. सीडी आत ढकलायला नितीननं बोट पुढं केलं तेव्हा मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. हाताला वालाच्या सालीचा चिकटपणा होता हे मला अजून जाणवतं.

"थांब," मी म्हणाले. "बाबांनी काय लिवलं ते अजून कोणी विचारलंच नाय."

नितीन थांबला. बाबांनी मान वर केली. मी विचारलं, बाबा, बिघडायच्या आधी शेवटचं काय केलं? त्यांनी काही लपवलं नाही, सावरूनही घेतलं नाही. कुठली फाईल उघडली, शेवटी कुठली ओळ लिहिली, तीतलं प्रत्येक चिन्ह त्यांनी हवेत बोट फिरवत सांगितलं. पाथ नावाची एक गोष्ट असते, तिच्यापुढं बरोबरचं चिन्ह, आणि पुढं त्यांच्या फोल्डरचा पत्ता. बस. मला त्यातलं चूक काय ते त्या क्षणी कळलं नाही. पण एवढं कळलं की मशीन बिघडलेलं नाही. त्याला एका ओळीनं काहीतरी सांगितलंय आणि ते मुकाट्यानं तेच करतंय. म्हणजे आतलं सगळं जागच्या जागी असणार. मी नितीनला म्हणाले, मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. नाही जमलं तर तू सीडी घाल. तो म्हणाला, "मी थांबतो. घाई नाय मला." आणि काही सांगायची वाट न बघता आईजवळ जाऊन वाल सोलायला बसला.

पण आत जायचं कसं? दारच उघडत नव्हतं. मी समोर बसून राहिले. मग मला कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. तिथं एकदा एक मशीन अडकलं होतं आणि सरांनी तीन बटणं एकदम दाबून चित्रांचा पडदा बाजूला करून नुसता काळा पडदा आणला होता. कुठली तीन ते आठवत नव्हतं. पहिली दोन आठवली, तिसरं वरच्या ओळीतलं कुठलंतरी. मी एकेक करून बघत गेले. अचानक सगळी चित्रं गेली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलं गेलं. बाबा खुर्ची घेऊन मागं येऊन बसले. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर भराभर तक्रारी उमटल्या, हा हुकूम सापडत नाही, तो हुकूम सापडत नाही, आणि त्यांच्याखाली ती लुकलुकणारी रेघ. आम्ही आत होतो.

मी फाईलींची यादी दाखवायचा अगदी साधा हुकूम दिला, एल आणि एस, दोन अक्षरं. पहिल्या दिवशी शिकतात तो. उत्तर आलं, सापडत नाही. एवढा साधा हुकूम मिळत नसेल तर नितीन म्हणतो तेच खरं, सगळं मोडलंय, असं वाटलं. मी दुसरा दिला, तिसरा दिला, आणि प्रत्येकाला इंग्रजीत काहीतरी लांबलचक उत्तर यायचं. त्यातले "सापडत नाही" एवढेच शब्द वाचून मी पुढं जात होते. आपल्याला नकार येतोय हे कळल्यावर माणूस पुढचं ऐकत नाही. त्यानंतर अनेक वर्षं मी हेच काम केलं, लोकांची बिघडलेली मशीनं दुरुस्त करण्याचं, आणि बहुतेक सगळे लोक हेच करताना मी बघितले. अडचण आली की ते मला सांगतात, एरर आली. काय एरर आली, विचारलं तर सांगतात, वाचली नाही.

बाबा मात्र मागं बसून वाचत होते. त्यांचं इंग्रजी हळू चालायचं, एकेक शब्दावर बोट ठेवून. मी चौथा हुकूम टाईप करायला गेले तेव्हा ते म्हणाले, थांब जरा, माझं वाचून व्हायचंय. मला खरं तर चीड आली होती. पण त्यांना वाचून होईपर्यंत थांबायचं म्हणून मीही वाचायला लागले, त्यांच्या वेगानं. तिथं लिहिलं होतं की एलएस हा हुकूम बिन नावाच्या फोल्डरमध्ये आहे. पण बिनचं नाव पाथमध्ये नसल्यामुळे तो सापडला नाही. मी ते परत वाचलं. मशीन नाही म्हणत नव्हतं. ते सांगत होतं की वस्तू कुठं आहे, आणि मला का मिळत नाही.

मग सगळं एकदम सरळ झालं. मी बाबांना सांगायला लागले आणि सांगता सांगता मलाच नीट कळत गेलं. आपण हुकूम देतो तेव्हा मशीन तो काही ठरावीक जागांवर शोधतं. त्या जागांची नावं म्हणजे पाथ. तुम्हाला त्या नावांच्या शेवटी आपल्या फोल्डरचं नाव जोडायचं होतं. पण तुमच्या ओळीनं जुनी नावं काढून टाकली आणि तुमचं एकच ठेवलं. आता त्याला वाटतंय की जगात जे काही आहे ते बाबांच्या फोल्डरमध्येच. आणि तिथं तर फक्त पाळी आहे. म्हणून आत घ्यायला लागणारी साधी हत्यारंही त्याला मिळेनात आणि ते बिचारं आपल्याला दारातून परत पाठवत होतं. बाबा म्हणाले, "म्हंजे गेलं कायच नाय." मी म्हणाले, बघू या. मग मी तोच हुकूम पूर्ण पत्त्यासकट टाईप केला, आधी तिरकी रेघ, बिन, परत तिरकी रेघ आणि मग ती दोन अक्षरं. पडद्यावर सगळी यादी उतरली. तीत शेवटून थोडं वर ताईच्या नावाचं फोल्डर होतं. ते उघडून बघितलं तर आत फोटोंच्या फाईली, एकाखाली एक, पडदा भरून वर सरकत गेल्या.

बाबा उठले आणि पडवीत गेले. आईशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नितीनचं हसणं तेवढं ऐकू आलं, आणि मग आईनं ताट वाढल्याचा आवाज.

पुढचं काम सोपं होतं, पण बाबा जेवून येईपर्यंत मी ते केलं नाही. ते आल्यावर मी पूर्ण पत्ता देऊन लिहायचा प्रोग्राम उघडला आणि ती फाईल आणली. सगळ्यांत खाली त्यांची ओळ होती. मी ती पुसायला गेले तर ते म्हणाले, पुसू नको, राहू दे. मग मी ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं. तसं केलं की मशीन ती ओळ बघतं पण पाळत नाही. फाईल ठेवली, परत चित्रांच्या पडद्यावर आले आणि पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला. नितीन वालाचे हात तसेच धरून मागं उभा होता. आत गेल्यावरच वाजतो तो लांब सूर वाजला आणि आमचा पडदा आला, ताईच्या हळदीच्या फोटोसकट, जो मी तिथं लावून ठेवला होता. नितीननं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, आता आधी हे सगळं दुसरीकडं उतरवून घे. त्याच्या खिशात कोऱ्या सीडी होत्या. दोन सीडींवर आम्ही सगळे फोटो उतरवले, एक त्यानं स्वतःजवळ ठेवली, आणि मी निवडलेले फोटो तोच कर्जतला छापून सकाळी कुणाच्यातरी हाती पाठवतो म्हणाला. निघताना त्यानं आपली ती सिस्टीमची सीडी उचलली आणि मला सांगितलं, हे काय केलंस ते मला एकदा शिकव.

ताई आली ती चांगलीच गोल झालेली, आणि आल्या आल्या तिनं पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन बिरड्याच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. तिच्या सासूबाई, त्यांना मी मावशी म्हणायचे, उंच, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. जेवणं झाल्यावर आम्ही सगळे मधल्या घरात बसलो. मी एकेक फोटो पुढं सरकवत होते. ताई आणि आई प्रत्येक फोटोवर काहीतरी बोलत होत्या, कुणी कुठलं लुगडं नेसलं होतं, कोण उशिरा आलं होतं. मावशी नुसत्या बघत होत्या. मग तो फोटो आला. पंगतीत बसलेले सासरे, डोक्यावर फेटा जरा कलता, हातात अर्धी जिलेबी, आणि कुणीतरी काहीतरी बोललं असणार म्हणून तोंड उघडं टाकून हसतायत. मी तिथं थांबले. मावशी खुर्चीतून उठल्या, स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"असंच हसायचे," त्या म्हणाल्या. "घरात सगळ्यांना वाटायचं वराडतायत."

त्या हसल्या आणि मग सगळेच हसलो. त्याच वेळी बाबांनी, कुणी विचारलं नसताना, कालचं सगळं विहीणबाईंना सांगितलं. आपण कसली ओळ लिहिली, दार कसं बंद झालं, नितीन सीडी घालणार होता आणि रेश्मानं त्याचा हात कसा धरला. सांगताना ते स्वतःवर हसत होते. मावशींनी माझ्याकडं वळून बघितलं. छापलेला फोटो सकाळीच आला होता, तो आईनं त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो पदराखाली धरून ठेवला, संध्याकाळी शेतावर गेलो तेव्हाही. पोपटीचं मडकं जाळातून काढून उलटं केल्यावर वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याचा वास सगळ्या शेतावर पसरला. मावशींनी एका हातानंच शेंगा खाल्ल्या.

सोमवारी मावशींना टेंपोत बसवून आलो. मी कॉलेजला सुटी घेतली होती. बाबांची दुपारची पाळी होती. आई ताईच्या केसांना तेल लावत होती आणि मी कपडे वाळत घालून आत आले, तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसून ती फाईल उघडत होते. मला वाटलं आता नीट ओळ लिहितायत. जुनी नावं ठेवून पुढं आपलं जोडायचं तर मध्ये एक डॉलरचं चिन्ह लागतं, ते मी त्यांना सांगितलं होतं. मी मागून बघितलं. त्यांनी ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढलं. फक्त तेवढंच. फाईल ठेवली आणि मशीनमधून बाहेर पडले. नाव विचारणारा पडदा आला. त्यांनी पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला आणि परत दारात.

आई तेलाची वाटी हातात धरून उठलीच. "अवो, काय केलं हे परत?"

बाबा म्हणाले, फोटो दोन ठिकाणी ठेवलेत. आता माझं मला उघडता येतं का बघू दे. आणि मला म्हणाले, तू भायेर जा, हितं थांबू नको, तू सांगशील. मी ओटीवर जाऊन भाताच्या पोत्यांना टेकून बसले. आतून काही वेळ काहीच आवाज नव्हता. मग एका बोटाची टकटक. मग थांबणं, बहुतेक वाचणं. परत टकटक. उठून जावं आणि ती तीन बटणं सांगावीत असं मला सारखं वाटत होतं. ताई माझ्याशेजारी येऊन बसली होती, तिनं माझा दंड धरून ठेवला. कंपनीच्या बसची वेळ होत आली. आईनं डबा भरून दारात आणून ठेवला. रस्त्यावर हॉर्न वाजला, दोनदा. बाबा उठले नाहीत. बसवाल्यानं परत वाजवला, तेव्हा आई स्वतः रस्त्यापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली की थांबा जरा, येतायत. तिनं असं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं.

आतून तो लांब सूर वाजला. मग खुर्ची सरकली. बाबा ओटीवर आले, चपला घातल्या, डबा उचलला. त्यांचा शर्ट पाठीला घामानं चिकटला होता, थंडीच्या दिवसांत. रस्त्याकडं चालायला लागले, बसच्या पायरीवर पाय ठेवला, आणि आत चढता चढता दार कसं उघडलं ते आतल्या कुणाला तरी मोठ्यानं सांगायला लागले होते.